तीच गाडी, तोच रस्ता

क्षमा करणाऱ्या माणसांचं मला फारसं कौतुक नाही. सेलूत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. काउंटरला टेकून चहा पिता पिता लोक एकमेकांना 'जाऊ दे ना भाऊ, सोडून दे' असं सांगत असतात आणि मी ऐकत असतो. यातली गंमत अशी, की ज्याचं गेलं त्यालाच सगळे सोडायला सांगतात. ज्याने नेलं त्याला कोणी काही म्हणत नाही. टोलीच्या पार्बताबाईने सोडलं नाही, म्हणून ती गेल्यावरही मला तिची आठवण येते. सोडणारे कोण होते ते मी केव्हाच विसरलो.

हिंगणीच्या पुढे बोर नदीच्या काठाला ही टोली आहे, गाई-म्हशी पाळणाऱ्यांची. तिथे आजही रोज सकाळी एक जाडजूड माणूस काठी टेकत एका कुलूपबंद घरासमोरून चालत जातो. अंगणासमोर आला की थांबतो, कुलपाकडे पाहतो आणि पुन्हा चालायला लागतो. त्याच्या घरून देवळाकडे जायला जवळची बोळ आहे, पण तो बोळीने जात नाही. नव्या माणसाला वाटतं, भाविक दिसतो. भाविक कसला डोंबलाचा! तो भाडं फेडतो आहे. कसलं भाडं, ते पुढे येईलच.

पार्बताबाई दुकानात पहिल्यांदा आली ती काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळ मोकळं. मी तिला सिंदीच्या बाजारात पाहिलेलं होतं. तिचं गाडग्यातलं दही लोक घरून भांडं आणून घेऊन जायचे, आणि एखाद्याने 'बाई, जरा जास्त टाका' म्हटलं तर ती आहे तेवढंही परत काढून घ्यायची. तिने ते गाठोडं माझ्या काउंटरच्या काचेवर सोडलं. काच मी नुकतीच पुसली होती आणि गाठोड्यातून काळं तेल गळत होतं.

"हे काय हाये?"

"शॉकप. मागच्या चाकाचा. बाई, आधी तो काचेवरून उचला."

"याचं काम काय असते?"

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी सांगत बसलो. चाकावर लोखंडी पट्ट्या असतात एकावर एक, ते पाटे. गाडीचं वजन ते धरतात. चाक खड्ड्यात गेलं की पाटे दबतात आणि उसळतात. ती उसळी जागच्या जागी जिरवायची, हे शॉकपचं काम. शॉकप मेला की गाडी नाचते.

"हा मेलेला हाये?"

"केव्हाचाच. आत तेलच उरलं नाही."

ती बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आदळनं रस्त्याच्या हाती नसते. याच्या हाती असते."

"दोघांच्याही हाती असतं."

"रस्ता कोनाच्या हाती हाये गजूभाऊ? हा तं मानसाच्या हाती हाये ना?"

मी हो म्हणालो. तिने फडकं पुन्हा गुंडाळलं, काचेवरचं तेल शर्टाच्या बाहीने पुसलं आणि निघून गेली. हा एवढाच प्रश्न विचारायला ती टोलीहून आली होती.

तिची हकिकत मला नंतर कळली, थोडी तिच्याकडून आणि थोडी गावाकडून. तिचा नवरा मनोहर पावसाळ्याआधी घरावरची टिनं बसवताना वरून पाठीवर पडला. टोलीत तेव्हा एकच पिकअप होती, मनोहरच्या चुलतभावाची, दौलतची. टोली आणि सडक यांच्या मधे नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. पावसात त्यावरून पाणी जातं, म्हणून दौलतने गाडी मागून चांगलीच उचलून घेतली होती. जादा पाटे टाकलेले, पाट्यांखाली लोखंडी ठोकळे दिलेले. आमच्याकडे पिकअपवाल्यांचा एक वेदच आहे: वजन पाटे धरतात, शॉकपवर खर्च करतो तो येडा. दौलतही तेच मानणारा. त्या उंच, टणक, नाचऱ्या गाडीत त्याने पाठ मोडलेल्या भावाला टाकलं आणि वर्ध्याकडे पळवली.

मागे डाल्यात, म्हणजे उघड्या हौद्यात, पार्बताबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडीत चढवताना मनोहर पायाची बोटं हलवून दाखवत होता. "पाह्य, काई झालं नाई मले," म्हणत होता. वाटेत तो ओरडत होता. ही केबिनवर हात आपटत होती, "हळू घ्या भाऊजी, हळू घ्या," म्हणून. आत टेप लावलेला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात उतरवलं तेव्हा मनोहरची बोटं हलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, पडण्याने झालं की आणण्याने, ते आता सांगता येणार नाही. त्यानंतर मनोहर काही वर्षं खाटेवरच होता. ती त्याला कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची, आणि एका हिवाळ्यात तो गेला.

आता दौलतबद्दल. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. हा हसरा, ग्रामपंचायतीत निवडून येणारा, लग्नात पंगत वाढायला पुढे असणारा माणूस होता. भावाला आपण वेळेवर नेलं याचा त्याला अभिमान होता आणि तो हे चारचौघांत सांगायचा. मनोहरच्या तेरवीलाही, जेवणं चाललेली असताना, तो म्हणाला, "रस्ताच तसा हाये बाप्पा. उचललेली गाडी, आदळनारच. ब्रह्मदेव चालवाले बसला असता तरी आदळलीच असती." पार्बताबाई तेव्हा बुंदी वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं नाही. पंगत पूर्ण वाढली. पण ते वाक्य तिने ठेवून घेतलं.

ती शिव्याशाप देणारी बाई नव्हती. दौलत समोर आला तर 'भाऊजी' म्हणायची, पदर सावरायची. मी एकदा विचारलं, "बाई, एवढा राग मनात ठेवून झोप कशी लागते तुम्हाला?"

"मी रोज विरजन मांगं ठेवतो का नाई?" ती म्हणाली. "सगळंच दही इकून टाकलं तं उद्याले काय लावू? तसंच हाये ते. रोज थोडं ठेवा लागते."

दौलतने नवी कार घेतली आणि जुनी पिकअप विकायला काढली, तेव्हा ती पार्बताबाईने घेतली. त्यासाठी तिने दोन गवळाऊ गाई विकल्या. गाई दावणीतून नेताना ती रडली म्हणे. मनोहर गेला तेव्हाही तिला कोणी इतकं रडताना पाहिलं नव्हतं. गाडी तिच्या दारात आणून उभी करताना दौलत हसत म्हणाला, "वहिनी, आता आदळली तं माह्यं नाव नोका घेजा."

"तुमचंच घेईन," ती म्हणाली.

गाडी ती स्वतः शिकली, उन्हाळ्यातल्या रिकाम्या वावरात. पहिल्या दिवशी कडब्याच्या गंजीत घातली, दुसऱ्या दिवशी तीच गंजी दुसऱ्या बाजूने पाडली. टोलीतली माणसं बांधावर बसून हसली. ती खाली उतरायची, कडबा झटकायची, पुन्हा बसायची. पावसाळा लागायच्या आत दह्याची गाडगी घेऊन सेलूवरून सिंदीच्या बाजारात स्वतः जायला लागली.

मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. पहिल्यांदा ती जो मेलेला शॉकप घेऊन आली होती, तो दौलतने याच गाडीचा काढून टाकलेला होता, हे मला तेव्हा समजलं.

"सगळ्यात कडक कोनता हाये तो दे."

"बाई, कडक म्हणजे चांगला असं नसतं."

"मजबूत पायजे मले. कडकच दे."

आमच्या मुलखात हा रोगच आहे. जे टणक ते चांगलं. पलंग टणक, पाटे टणक, सून टणक. मी चार वेळा सांगितलं, ती ऐकेना. शेवटी दिले. पुढच्या बाजाराच्या दिवशी भरल्या दुकानात तिने एक गाडगं आणून काउंटरवर ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. दही चिरा पडून फाटलेलं होतं आणि वर पिवळं पाणी तरंगत होतं.

"रातच्याला लावलं, सकाळी असं जमलेलं होतं," तिने काचेवर बोट टेकवून दाखवलं. "सेलूले येइस्तोर पानी सुटलं. हा तुह्या कडक शॉकपचा परताप."

"मी नको म्हटलं होतं की नाही?"

"तू काऊन ठासून नाई म्हनला?"

घ्या! म्हणजे चूक माझीच. मी ते काढून घेतले आणि नरम शॉकप दिले, कंपनीच्या मूळ मापाचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा गाडगं. या वेळी पाणी कमी होतं पण होतं. लहान खड्डे गाडी गिळत होती, मोठ्या खड्ड्यात मात्र मागून खट्कन झटका बसत होता. माझ्या दुकानात तेव्हापासून लोक शॉकप मागताना 'दहीवाला दे' म्हणून मला चिडवायला लागले. मी चिडायचो. पण खरं सांगतो, त्या बाईची ती गाडग्याची परीक्षा एवढी चोख होती, की पुढे मीही गिऱ्हाइकाला कडक माल देताना ओशाळू लागलो.

झटक्याचं कारण बबनमिस्त्रीने शोधलं. त्याचं गॅरेज माझ्या शेजारीच. गाडी उचललेली, त्यामुळे चाक आणि सांगाडा यांच्यातलं अंतर वाढलेलं. मूळ मापाचा शॉकप आधीच पूर्ण ताणून बसलेला. चाक खड्ड्यात उतरलं की त्याला आणखी लांब व्हायला जागाच नाही, मग तो सांगाड्याला हिसका देतो. "लांब शॉकप पायजे," मिस्त्री म्हणाला. आणि त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे रिकामी गाडी गॅरेजच्या फरशीवर उभी करून मापाचा टेप लावला. इथले सगळे मिस्त्री असंच माप घेतात, रिकाम्या गाडीचं. गाडी रिकामी चालते तरी कधी!

"थांबा," पार्बताबाई म्हणाली. "मानूस झोपवून मापा."

"काय?"

"मांगं डाल्यात मानूस झोपवा, त्याच्याजवळ मानसं बसवा, अन् मंग मापा. अन् हे जादाचे पाटे काढा आधी. ठोकळे राहू द्या."

मिस्त्री हादरला. "बाई, पाटे टाकाले येते लोक. काढाले कोनी येते का?"

"मी आली ना."

मनोहर माझ्याच अंगलटीचा होता म्हणे. तर गॅरेजसमोर, भर दुपारी, सगळा सेलू येता-जाता पाहत असताना, मी त्या डाल्यात गादीवर उताणा झोपलो. शेजारी मिस्त्रीची माणसं बसली. मिस्त्रीने खाली शिरून माप घेतलं: असं भरलेलं, जॅकवर चाकं लोंबकळलेली, आणि पार दाबून बसलेली. मी लाजेने डोळे मिटून पडलो होतो. डोळे उघडले तेव्हा पार्बताबाई माझ्या पायांशी उभी होती.

"बोटं हालव," ती म्हणाली.

मी हलवली. ती पाहत राहिली. मी मुकाट्याने हलवत राहिलो, कारण थांबायची माझी हिंमत झाली नाही.

त्या मापाचे शॉकप मी नागपूरहून शोधून आणले. लांब, आणि कडक नाही की नरम नाही असे. तीन दुकानदारांनी मला विचारलं की कोणत्या गाडीला लावता. दह्याच्या, म्हणालो. पुढच्या बाजाराला ती आली, काउंटरवर गाडगं ठेवलं, फडकं काढलं. दही आरशासारखं सपाट. एक थेंब पाणी नाही. मी आनंदाने टाळीच वाजवली, पण ती हसली नाही.

"आता तो पायजे," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याले रस्ता दिसला होता तो."

एखादा माणूस पडावा अशी वाट पाहणं चांगलं नाही, हे मलाही कळतं. पण ती वाट पाहत होती, आणि तिच्यासोबत थोडा मीही. दर बाजाराला मी विचारायचो, दौलतराव बरे आहेत ना? ती म्हणायची, "ठणठणीत हाये." आणि गाडगं उचलून बाजाराला निघायची.

एका श्रावणात सकाळी तिचा फोन आला. "गजूभाऊ, दुकान बंद कर अन् रपट्याच्या अलीकडं येऊन उभा राह्य. मले साक्षीदार पायजे."

"कशाचा साक्षीदार?"

"ये लवकर."

मला वाटलं, बाईने दौलतला मारला. मी मोटरसायकल काढली ती तशीच चपलांवर. रपट्यावरून गढूळ पाणी जोरात चाललं होतं. पलीकडून पिकअप आली, पाण्यात शिरली, चाकं अर्धी बुडाली, आणि शांतपणे इकडे निघाली. मी मागे वाकून पाहिलं. डाल्यात गादी, गादीवर घराचं काढून आणलेलं दार, आणि दारावर दौलत उताणा, दुपट्ट्यांनी बांधलेला. पहाटे स्लॅबवरची पाण्याची टाकी बघायला चढला, शेवाळावरून घसरला, पाठीवर पडला. अँब्युलन्स लांब गेलेली, त्याची कार पाण्यातून निघणारी नाही. टोलीत रपटा ओलांडणारी गाडी एकच, त्याचीच जुनी. त्याची बायको सिंधू पार्बताबाईच्या दारात जाऊन पाया पडली होती. पार्बताबाईने धार पूर्ण काढली, हात धुतले, आणि एवढंच विचारलं होतं, "बोटं हालतात का?" हलत होती.

मी वर चढलो. दौलतच्या बाजूला सिंधू बसली होती आणि डोक्याशी दह्याचं गाडगं ठेवलेलं होतं. दौलतने माझा हात घट्ट धरला. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं.

"गजू, तू चालव. तुह्या पाया पडतो. वहिनीले नोको देऊ."

त्याची भीती मला बरोबर कळली. या बाईला आज वेगळं काही करायची गरजच नव्हती. फक्त त्याने चालवली तशी चालवायची. मग कोणीही विचारलं तरी सांगायला त्याचंच वाक्य होतं: रस्ताच तसा, उचललेली गाडी, आदळणारच. पोलीससुद्धा मान हलवून गेले असते.

केबिनच्या मागच्या काचेतून आवाज आला, "गाडी माही हाये. मीच चालवीन."

ती निघाली. हळू, पण फार हळूही नाही. मी पायाकडे पाहत होतो, दौलतच्याही आणि माझ्याही. चिंचेजवळ सडकेला मोठा खड्डा आहे, सगळ्यांना माहीत असलेला. तिने काच सरकवली.

"चिंच आली. इथं हे पह्यल्यांदा वरडले."

गाडी खाली गेली, वर आली, आणि लगेच स्थिर झाली. दुसरी उसळी नाही.

"भाऊजी, लागलं का?"

तिने भर रस्त्यात गाडी उभी केली.

"मी इचारून राह्यली, लागलं का?"

"चालव ना वहिनी..."

"सांगतल्याबिगर चालवत नाई."

"नाई," दौलत म्हणाला. "नाई लागलं."

"गजूभाऊ, ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हणालो.

कालव्याच्या पुलावर सिमेंट उखडून सळ्या निघाल्या आहेत. "इथं माह्या बांगड्या फुटल्या," ती म्हणाली. "केबिन ठोकू ठोकू. तुमच्या टेपमंधी ऐकू नसंल आलं. लागलं का?"

"नाई लागलं."

सिंधूने पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिचा यात काय दोष होता? काही नाही. पार्बताबाईने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग मारुतीचा पार आला. तिथे सडक अशी फुटली आहे की रिकाम्या एसटीतली माणसंसुद्धा उठून उभी राहतात. काच सरकली, पण ती लगेच बोलली नाही. गाडी त्या खड्ड्यांतून खालीवर होत, पाळणा हलवावा तशी पार निघाली.

"इथून पुढं हे वरडले नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, आराम पडला."

दौलत मोठ्याने रडायला लागला. दुपट्ट्यांनी बांधलेला माणूस, डोळे पुसायलाही हात वर येईना. मी पुसले नाहीत. "नाई लागलं वहिनी, नाई लागलं," हे तो न विचारता सेलू येईपर्यंत म्हणत राहिला.

वर्ध्याला दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. तिने उतरून दोन्ही हात पसरले आणि वॉर्डबॉयला थांबवलं. "एक मिनिट, दादा." आणि दौलतच्या पायांशी गेली.

"बोटं हालवा."

दौलतने हलवली. दाही. ती त्या बोटांकडे अशी पाहत होती, की वॉर्डबॉयही घाई करायचं विसरला.

"आता सांगा, सगळ्यायच्या समोर. गाडी कोनती?"

"तीच. माही जुनी."

"रस्ता?"

"तोच."

"मंग? आदळनारच होती का?"

"नाई," तो म्हणाला.

"न्या आता," ती वॉर्डबॉयला म्हणाली.

सिंधू मागे वळली. "बाई, भाड्याचं..."

"भाडं घेईन तं!" पार्बताबाई म्हणाली. "फुकट नाई आनलं. त्यायनं आमाले फुकट नेलं होतं, पाह्यलं ना काय झालं ते? बरे झाले की रोज सकाळी माह्या दारावरून चालत जायचं. रोज. हे भाडं."

मग तिने डाल्यातून गाडगं काढलं, फडकं उचलून आत पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. पाणी सुटलेलं नव्हतं. मी ते घरी नेलं आणि रात्री भाकरीबरोबर खाल्लं. दही चांगलं होतं.

दौलतचं ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी तो काठीने चालू लागला. सगळीकडे बोलबाला झाला की पार्बताबाईने दिराला माफ केलं, केवढं मोठं मन. कीर्तनात दाखला म्हणून वापरतील की काय अशी मला धास्ती पडली. माफ! मी तिला सांगितलं, लोक असं म्हणतात. ती म्हणाली, "माफ करनं देवाचं काम हाये. मी दही इकतो."

दौलतने सुरुवातीला चुकवायला पाहिलं. एकदा मागच्या बोळीने देवळाकडे निघाला. बोळीच्या टोकाला पिकअप आडवी उभी, आणि हॉर्नवर पार्बताबाईचा हात. अख्खी टोली बाहेर आली. दौलत मुकाट्याने मागे फिरला आणि पुढच्या रस्त्याने गेला. त्यानंतर पावसापाण्यातही त्याने तिचं दार चुकवलं नाही.

मागच्या थंडीत पार्बताबाई गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी, दिवाळीच्या सुमाराला. डाव्या शॉकपमधून तेल झिरपायला लागलं होतं, म्हणून तिने तसलाच नवा मागवला होता आणि मी तो घेऊन सकाळीच टोलीत गेलो होतो. ती अंगणात उकिडवी बसून राखेने गाडगी घासत होती. मी शॉकप ओट्यावर ठेवला. तेवढ्यात काठीचा आवाज आला.

दौलत अंगणासमोर आला आणि थांबला. एरवी तो न थांबता जायचा म्हणे. त्याने काठी दोन्ही हातांत धरली.

"वहिनी," तो म्हणाला, "माह्यं चुकलं. मी गाडी हळू चालवाले पायजे होती."

ते एक वाक्य ऐकायला तिने गाई विकल्या होत्या, कडब्याच्या गंज्या पाडल्या होत्या, दह्याची गाडगी सेलूपर्यंत नाचवली होती. मला वाटलं, आता ही उठेल. काहीतरी बोलेल, निदान रडेल. तिने घासणं थांबवलं, पण मान वर केली नाही.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "चाला."

दौलत चालू लागला. ती त्याच्या पायांकडे पाहत होती. टाच टेकते, बोटं दबतात, पाऊल उचलतं, पुन्हा टाच. तो वळणाआड जाईपर्यंत तिची नजर जमिनीवरून हलली नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

"हे बी असेच चालले असते, गजूभाऊ," ती म्हणाली. "काठी टेकत का होईना."